परवाची फायनल, तीन जखमी पोट्टे आणि खरी अडचण कुठे आहे ते

परवा रविवारी फुटबॉलची फायनल आहे, तालुक्याच्या ग्राउंडवर, दुपारी 3 वाजता, आणि कालपासून पानठेल्यावर जा, जिनिंगच्या गेटवर जा, नाईतर दूध डेअरीच्या लाइनीत उभं राहा, एकच प्रश्न चालू आहे, "नऊ नंबर खेळते का नाई बे?" नऊ नंबर म्हणजे आपला स्ट्रायकर, कालच्या सेमीफायनलला त्याचा घोटा मुरगळला, आणि या टुर्नामेंटमध्ये आपले बहुतेक गोल त्याचेच, म्हणून सगळ्यांचा जीव त्याच्या घोट्यात अडकलाय, ते समजतं. पण त्याच मॅचमध्ये आणखी दोघं बाहेर गेले. डावीकडून पळणारा अकरा नंबर मांडी मागून धरून खाली बसला, आणि आपला कॅप्टन, चार नंबर, मधला डिफेंडर, त्याचा टोंगळा, म्हणजे गुडघा, रात्रीपर्यंत इतका सुजला की पॅन्ट कापून काढावी लागली.

माझं म्हणणं एवढंच आहे की आपण काळजी उलट्या क्रमानं करतोय. घोट्याची चर्चा सगळ्यात जास्त, मांडीवर उपाय "इंजेक्शन मारू", आणि टोंगळ्याबद्दल "त्याच्या जागी सहा नंबरला मागे घेऊ, झालं." या तिन्ही गोष्टी नीट समजून घेतल्या तर परवा कोणाला उतरवायचं आणि टीम कशी लावायची ते आपोआप कळतं, म्हणून लिहायला बसलो.

आधी घोटा, कारण तो सोपा आहे. पाय आतल्या बाजूला वळला की घोट्याच्या बाहेरच्या बाजूचे लिगामेंट ताणतात, लिगामेंट म्हणजे एका हाडाला दुसऱ्या हाडाशी बांधून ठेवणारी चिवट पट्टी. फुटबॉलमध्ये ही इजा कायमचीच, आणि आपल्या काळ्या मातीच्या ग्राउंडवर तर जास्तच, जानेवारीत माती वाळून भेगा पडतात आणि ढेकूळ पायाखाली आलं की घोटा गेलाच समजा. आता नुसतं मुरगळलंय की हाड मोडलंय हे ओळखायला डॉक्टर लोक एक साधी पद्धत वापरतात, कॅनडातल्या ओटावा शहरात ती तयार झाली म्हणून तिला ओटावा रूल्स म्हणतात. इजा झाली तेव्हा आणि नंतर दवाखान्यात, माणूस त्या पायावर वजन टाकून चार पावलं चालू शकतो का? आणि घोट्याच्या दोन्ही बाजूंना जी हाडाची गाठ असते तिच्या मागच्या कडेवर, किंवा पावलाच्या मधल्या हाडांवर, बोट दाबल्यावर दुखतं का? चालता येत नसेल किंवा त्या हाडावर दाबून दुखत असेल तर एक्स-रे काढायचा, नसेल तर बहुतेक वेळा फ्रॅक्चर नसतं. नऊ नंबर काल लंगडत का होईना स्वतः चालत बाहेर गेला, आज सकाळी सायकलवर शेतात जाऊन आला, हाडावर दाबलं तर दुखत नाही, दुखतं ते हाडाच्या पुढं, मऊ जागेवर. म्हणजे लिगामेंट ताणलंय. असा घोटा हलका असेल तर आठ-पंधरा दिवसात बरा होतो, आणि पट्टी नीट बांधली तर थोडा वेळ खेळताही येतं, धोका आहे पण मोठं नुकसान होईल असा नाही. त्याच्याबद्दल पुढं सांगतो.

अकरा नंबरची गोष्ट वेगळी आहे आणि इथं मला थोडं लांबण लावायचंय, कारण याच जागी गावोगावी पोरांचं वाटोळं होताना पाहिलंय.

मांडीच्या मागे तीन लांब स्नायू असतात, आपण ज्या हाडावर बसतो तिथून निघून टोंगळ्याच्या खाली जाऊन चिकटतात, तिघांना मिळून हॅमस्ट्रिंग म्हणतात. टोंगळा वाकवणं, मांडी मागे खेचणं हे त्यांचं काम, पण जोरात पळताना आणखी एक काम असतं, पुढं फेकलेल्या पायाला ब्रेक लावणं. पाय पुढं गेलाय, टोंगळा जवळजवळ सरळ झालाय, पाऊल जमिनीला टेकायच्या आधीचा तो क्षण, त्या क्षणाला स्नायू ताणलाही जातो आणि त्याच वेळी जोरही लावत असतो, आणि फाटतो तो बहुतेक तेव्हाच. म्हणून तुम्ही बघा, हॅमस्ट्रिंगवाल्याला कोणी धक्का मारलेला नसतो, पोरगा एकटाच पळत असतो आणि अचानक मागून कोणी दगड मारल्यासारखा थांबतो. काल अकरा नंबरचं हेच झालं. दुसऱ्या हाफमध्ये लांब बॉल आला, तो फुल स्पीडमध्ये, त्याच्याजवळ कोणीच नव्हतं, आणि मधेच दोन्ही हात मांडीमागे.

फाटण्याचे तीन प्रकार धरतात. पहिल्यात थोडे तंतू तुटतात, माणूस चालतो, पळायला गेलं की चमक येते, एक ते तीन आठवडे. दुसऱ्यात बऱ्यापैकी भाग फाटतो, आत रक्त उतरतं, एक-दोन दिवसात मांडीमागे निळं-काळं दिसायला लागतं, चार ते आठ आठवडे. तिसऱ्यात स्नायू पूर्ण तुटतो, मग महिने आणि कधी कधी ऑपरेशन. आज संध्याकाळी अकरा नंबरच्या मांडीमागे टोंगळ्याच्या वर तळहाताएवढा निळा डाग आहे, मी बघून आलो, चालताना पाऊल आखूड पडतंय. म्हणजे हा पहिला प्रकार नाही, हे सांगायला मोठी मशीन लागत नाही.

आता "इंजेक्शन मारू" चं. दुखण्याचं इंजेक्शन दुखणं थांबवतं, फाटलेलं जोडत नाही. जुन्या कासऱ्याचे अर्धे पीळ तुटले असले तरी तो बैलाला धरून असतो, हळू चाललं की काही होत नाही, पण बैलानं एक झटका दिला की राहिलेले पीळ एकदम जातात, तसंच हे. आणि दुखणं हीच ती गोष्ट आहे जी पोराला सांगते की बस, आता जोर लावू नको, तीच आपण सुईनं बंद करायची आणि वरून त्याला म्हणायचं पळ, हे मला पटत नाही आणि कोणी कितीही म्हटलं तरी पटणार नाही. एकदा फाटलेली हॅमस्ट्रिंग पुन्हा फाटण्याचं प्रमाण तसंही जास्त असतं, आणि परत फाटते ती बहुतेक वेळा मैदानात परतल्यावर पहिल्या दोन महिन्यातच. युरोपातले मोठमोठे क्लब, ज्यांच्याकडे डॉक्टर, फिजिओ, मशिनी सगळं आहे, तिथंही हा प्रश्न वाढलाय, युएफाच्या, म्हणजे युरोपातल्या फुटबॉल संघटनेच्या, लांब चाललेल्या अभ्यासात 2001-02 च्या सीझनला एकूण दुखापतींपैकी 12 टक्के हॅमस्ट्रिंगच्या होत्या, 2021-22 ला त्या 24 टक्के झाल्या. खेळ फास्ट झाला, मॅचेस जवळजवळ आल्या, ही त्याची कारणं सांगतात. आपल्याकडे गुरुवारी सेमी, रविवारी फायनल, आणि मधल्या दिवसात ही पोरं घरी झोपून नसतात, कापसाचे बोजे उचलून गाडीत भरत असतात, तूर सोंगत असतात. थकलेला स्नायू लवकर फाटतो.

आणि एक कळकळीची विनंती, त्याच्या घरच्यांनीही वाचावं. गरम तेलाची मालिश पहिले दोन-तीन दिवस करू नका. आत रक्त उतरतंय तोपर्यंत चोळलं आणि शेकलं तर ते आणखी उतरतं. बर्फ कपड्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा, वरून क्रेप बँडेज, पाय उशीवर उंच, एवढं पुरे. निरगुडीचा पाला नंतर लावा, काही म्हणणं नाही. तो परत कधी खेळेल याची परीक्षा तारखेवर नाही. उताणं झोपून दोन्ही पाय आळीपाळीनं सरळ वर उचलायचे, दोन्ही सारखे वर येतात का, एका पायावर कंबर उचलली तर दुसऱ्याइतकाच जोर लागतो का, आणि शेवटी फुल स्पीडनं, मनात भीती न ठेवता, वेगवेगळ्या दिवशी पळून बघायचं. हे सगळं जमलं की मग टीममध्ये. परवा तर प्रश्नच नाही.

चार नंबरचा टोंगळा. काल तो बॉल काढायला वळला, पाऊल जमिनीत रोवलेलं राहिलं आणि शरीर फिरलं. जवळ उभ्या असलेल्या पोरांनी सांगितलं की "टक" आवाज आला, तो स्वतः म्हणतो की टोंगळा आतून सरकला, आणि तासाभरात सूज. हे तिन्ही एकत्र आलं, आवाज, सरकणं आणि लगेच सूज, की डॉक्टरांच्या मनात पहिलं नाव एसीएलचं येतं. टोंगळ्याच्या आत एकमेकांना तिरप्या जाणाऱ्या दोन पट्ट्या असतात, त्यातली पुढची एसीएल, पिंडरीचं हाड पुढं सरकू नये आणि वळताना टोंगळा फिरू नये म्हणून ती धरून ठेवते. सूज लगेच येते कारण सांध्यात रक्त भरतं, साध्या मुरगळण्यात सूज हळूहळू दुसऱ्या दिवसापर्यंत येते. ही पट्टी तुटली की घोट्याच्या लिगामेंटसारखी आपोआप सहसा जुळत नाही. सरळ चालायला, बंडी हाकायला, दुकानात बसायला तिच्यावाचूनही बऱ्याच जणांचं भागतं, पण वळण्याचे, उडी मारण्याचे खेळ खेळायचे असतील तर साधारणपणे ऑपरेशन करून शरीरातलीच दुसरी पट्टी तिथं बसवतात, आणि मग निदान नऊ महिने. त्याआधी खेळलं तर परत तुटायचा धोका जास्त. ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांनी एमआरआय करायला सांगितलंय, तो केल्याशिवाय पक्कं काही नाही, पण परवा तो मैदानात नाही हे नक्की. हाड बसवणाऱ्याकडे नेऊन त्याचा टोंगळा ओढू नका एवढं हात जोडून सांगतो.

ही झाली शरीराची बाजू. आता खेळाची, आणि माझ्या मते फायनलचा निकाल इथं ठरणार आहे.

लोक म्हणतात स्ट्रायकर नाही तर गोल कोण मारेल. 2014 च्या वर्ल्ड कपला अख्खा ब्राझील हेच म्हणत होता. क्वार्टर फायनलला कोलंबियाविरुद्ध त्यांच्या पुढच्या स्टार खेळाडूच्या, नेमारच्या, पाठीत टोंगळा बसला, मणक्याचं हाड मोडलं, आणि सेमीफायनलपर्यंत सगळा देश नेमार, नेमार, राष्ट्रगीताच्या वेळी खेळाडूंनी त्याचा जर्सी हातात धरलेला. पण त्या मॅचला आणखी एक जण नव्हता, कॅप्टन थियागो सिल्वा, मधला डिफेंडर, दोन यलो कार्डांमुळे बाहेर. आपल्याकडे रात्री दीड वाजता ती मॅच लागली होती, ज्यांनी बघितली त्यांना आठवत असेल, 29 व्या मिनिटाला जर्मनी 5-0, त्यातले चार गोल सहा मिनिटात, शेवटी 7-1. नेमार असता तर ब्राझीलनं कदाचित दोन मारले असते. पण ते पाच गोल कसे बसले ते परत बघा, मागची लाइन, म्हणजे डिफेंडरांची रांग, कुठे उभी राहायची तेच कोणाला माहीत नव्हतं, दुसरा मधला डिफेंडर डेव्हिड लुईस पुढं पळत होता, मागं मोकळं रान. नेमारवर सगळ्यांचं लक्ष होतं आणि घर मागून फुटलं.

उलट उदाहरण 2016 च्या युरोच्या, म्हणजे युरोपातल्या देशांच्या कपच्या, फायनलचं. पोर्तुगालच्या रोनाल्डोचा टोंगळा सुरुवातीलाच दुखावला, 25 व्या मिनिटाला रडत बाहेर गेला, आणि पोर्तुगालनं मागं दाटीनं उभं राहून फ्रान्सला एक्स्ट्रा टाइमपर्यंत रोखलं, 109 व्या मिनिटाला एडरनं लांबून मारला आणि जिंकले. पुढचा माणूस गेला तर टीम आवळून खेळता येते. मधला माणूस गेला तर आवळायला सांगणाराच नसतो.

आपला चार नंबर काय करतो ते कधी फक्त त्याच्याकडे बघून मॅच पाहिलीय का? बॉल पलीकडं असतानाही त्याचं तोंड बंद नसतं. "चढा, चढा", "डावा आत ये", "सोड त्याले, मी हावो", पूर्ण मॅच चालू. बॉल पास व्हायच्या आधी तो अर्धा पाऊल सरकलेला असतो म्हणून त्याला स्लाइड करावी लागत नाही, कपडे स्वच्छ राहतात, आणि लोकांना वाटतं यानं आज काय केलं. त्याच्या भरवशावर आपली मागची लाइन जवळजवळ सेंटरपर्यंत चढलेली असते, कोणी मागं सुटला तरी तो पोचतो. आता तो नाही, आणि समोर खाणीकडची टीम, त्यांचा उंच स्ट्रायकर आणि उजवीकडचा तो फास्ट पोरगा, त्यांचा खेळच लांब बॉल मारून मागं पळायचा आहे. तशीच लाइन पुढं चढवून खेळलो तर पंधरा मिनिटात कळेल.

मग सहा नंबरला मागं घ्यायचं का? सगळे म्हणतात घ्या, तो उंच आहे, अनुभवी आहे. मी म्हणतो अजिबात नको, आणि याचं कारण इंग्लंडच्या लिव्हरपूल क्लबनं आपल्या अंगावर काढून दाखवलंय. 2020 च्या ऑक्टोबरमध्ये एव्हर्टनविरुद्ध त्यांच्या मधल्या डिफेंडरचा, व्हॅन डाइकचा, टोंगळा गेला, तीच एसीएल. मग दुसरा मधला डिफेंडर गोमेझ गेला, मग तिसरा, मातिप गेला. मागं माणूस नाही म्हणून मिडफिल्डमधला फाबिन्यो मागं घेतला, मग हेंडरसनही मागं. दोघंही चांगले खेळले, प्रश्न तो नव्हता. पण जे दोघं मधे बॉल जिंकून देत होते तेच मधे राहिले नाहीत, त्यामुळे पुढच्यांना बॉल मिळेना आणि मागच्यांवर हल्ले वाढले. अॅनफिल्डवर (त्यांच्या घरच्या ग्राउंडवर) 68 लीग मॅचेस न हरलेली चॅम्पियन टीम तिथंच सलग सहा लीग मॅचेस हरली. आणि सुधारलं कधी, तर फाबिन्यो परत मधे गेला आणि मागं नॅट फिलिप्स, ऱ्हिस विल्यम्स असे कमी अनुभवाचे डिफेंडर उभे केले तेव्हा. शेवटच्या दहा मॅचेसपैकी आठ जिंकल्या, दोन ड्रॉ, तिसऱ्या नंबरवर आले. एक जागा भरायला दुसरी चांगली जागा मोडायची नाही, जी जागा रिकामी आहे तिथंच नवा माणूस घालायचा आणि त्याला बाकीच्यांनी सांभाळून घ्यायचं.

आपल्या देशाच्या टीमचंही बघा ना. 2019 च्या ऑक्टोबरमध्ये बांगलादेशच्या मॅचआधी गुवाहाटीत सराव मॅच खेळताना आपला मधला डिफेंडर संदेश झिंगनचा टोंगळा गेला, पूर्ण सीझन गेला त्याचा. कोलकात्याला आपण 1-0 नं मागं होतो, आणि 88 व्या मिनिटाला हेडर मारून बरोबरी कोणी केली, तर त्याच्या नसण्यात मागं उभा राहिलेल्या आदिल खाननं. नवीन जोडीला गोल बसू शकतो, पण मॅच हातातून जात नाही.

म्हणून माझी टीम अशी. मागं मधे, पाच नंबरच्या बाजूला, तो दहावीतला पोरगा उभा करा जो सराव मॅचला उजवीकडं खेळतो. वय लहान आहे, घाबरेल, पण डोकं शांत आहे आणि हेडर चांगला आहे. लाइन दहा-पंधरा पावलं खाली आणा, म्हणजे मागं पळायला जागाच उरत नाही, त्या फास्ट पोराचा अर्धा खेळ तिथंच संपतो. सहा नंबर या दोघांच्या अगदी पुढं, आणि त्याला एकच काम, लांब बॉल डोक्यावर लागून खाली पडला की तो पहिला आपल्या पायात आला पाहिजे. याला सेकंड बॉल म्हणतात आणि लांब बॉलवाल्या टीमशी मॅच इथंच जिंकतात किंवा हरतात, पहिली उडी त्यांचा उंच पोरगा जिंकेल, जिंकू द्या, पडलेला बॉल आपला. आणि चार नंबरला लाइनीच्या बाहेर खुर्ची टाकून बसवा, पाय समोर दुसऱ्या खुर्चीवर ठेवून. त्याचा आवाज तर शाबूत आहे, अर्ध्या ग्राउंडपर्यंत तरी पोचतोच.

अकरा नंबरच्या जागी पळणारा कोणी नाही हे खरं आहे, तिथं आपण कमी पडणार. डावीकडं दोन मेहनती पोरं लावा, हल्ला उजवीकडून करा. आणि नऊ नंबरला सुरुवातीपासून नको. आपले हाफ 35 मिनिटांचे आहेत, दुसऱ्या हाफची शेवटची वीस मिनिटं त्याला घोट्याला पट्टी बांधून उतरवा, समोरचे डिफेंडर थकलेले असतील, लाइन सुटलेली असेल, आणि त्याला गोल मारायला जास्त पळावं लागत नाही. उद्या संध्याकाळी त्याला आधी एका पायावर उभा करा, मग त्याच पायावर उड्या मारायला लावा, मग आठच्या आकड्यात पळवा. न लंगडता जमलं तर बेंचवर, नाही जमलं तर तोही बाहेर, आणि मग त्याच्या घरी जाऊन कोणी आग्रह करायचा नाही.

अजून दोन गोष्टी आजच्या आज होऊ शकतात. ग्राउंडवर आज रात्री टँकरनं पाणी मारा, मॅचच्या दिवशी मारलं तर चिखल होईल, आज मारलं तर परवापर्यंत भेगा दबतात, उद्या सकाळी रोलर फिरवा. आणि मॅचच्या आधी पोरं नुसता गोलवर बॉल मारत बसतात ते बंद, वीस मिनिटं नीट वॉर्म-अप घ्या, हळू पळणं, बाजूला पळणं, एका पायावर तोल, उड्या, मग स्प्रिंट. फिफानं असाच एक वॉर्म-अप बनवलाय, त्यानं दुखापती कमी होतात हे तपासून झालंय. फायनलनंतर हॅमस्ट्रिंगसाठी एक व्यायाम सगळ्यांनी सुरू करावा, गुडघ्यांवर उभं राहायचं, मागून एकानं दोन्ही घोटे धरायचे आणि कंबर न वाकवता अंग हळूहळू पुढं जमिनीकडं सोडायचं, जमेल तितकं रोखत. याला नॉर्डिक म्हणतात, नियमित केला तर हॅमस्ट्रिंगच्या दुखापती जवळपास निम्म्यावर येतात असं बऱ्याच अभ्यासात दिसलंय, आणि त्याला एक रुपया लागत नाही. फक्त मॅचच्या आदल्या दिवशी पहिल्यांदा करू नका, मांड्या भरून येतात.

मॅच मोठी गोलांची होणार नाही. ते पहिला अर्धा तास जोर लावतील, तेवढ्यात गोल बसला नाही तर आपला पोरगा स्थिरावेल. मला 1-1 दिसतंय, आणि पेनल्टीत गेलं तर आपला गोलकीपर त्यांच्यापेक्षा भारी आहे. पहिली पेनल्टी सहा नंबरनं घ्यावी.